म्हशीचं स्टीअरिंग

१२ जानेवारी

प्रिय बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

म्हैस अडली आहे. गेल्या आठवड्यापासून स्टीअरिंग इतकं जड झालंय की गाडी फाटकाबाहेर काढेपर्यंत माझा घाम निघतो. पॉवर स्टीअरिंगची गाडी आणि पॉवर मात्र माझीच लागतेय! माझं उजवं मनगट मोडून जुळलेलं, त्यात काय दम असणार? फोन करणार होते, पण फोनवर तू सांगतोस ते बॉनेटखाली वाकेपर्यंत मी विसरते, आणि तुझ्या गॅरेजातली ठोकाठोकीच जास्त ऐकू येते. कागद बरा. तेलाचे हात लागले तरी वाचता येतो.

तू म्हणशील, इतकी जुनी गाडी, आता तिला आराम दे. ते म्हणू नकोस. तुझ्या भावोजींनी ती घेतली तेव्हाच ती जुनी होती, आणि तिचा आकार बघून तूच तिला म्हैस म्हणालास. लोकांना गाडी शिकवायला मी लहान गाडी वापरायचे, ही घरची. आता हे स्मृती गेलेल्यांच्या त्या केंद्रात राहतात. मला ओळखत नाहीत. चिरंजीव भेटायला गेले की हे तोंड घट्ट मिटून घेतात, एवढं मात्र बरोबर ओळखतात की हा दातांचा डॉक्टर आहे. पण रविवारी म्हैस त्या आवारात शिरली की हे स्वतःहून पायऱ्या उतरतात, डावीकडचं दार उघडतात, माझ्या शेजारी बसतात आणि म्हणतात, "चला." तिथली नर्स सांगते, आठवडाभरात ते बोलतात तो तेवढाच एक शब्द. मग आम्ही गावाला एक फेरी मारतो.

हा रविवार चुकला. हे पायरीवर बसून राहिले, जेवायला उठेनात. मला पुढचा रविवार चुकवायचा नाही. समजलं?

बाकी गाडी ठीक आहे. डाव्या मडगार्डला पोचा आलाय, पण तो दूधवाल्यामुळे, कुठेही गाडी लावतो मेला. डावा आरसाही फाटकाच्या खांबाला लागून गेला. खांब मुळात वाकडाच बांधलाय.

स्टीअरिंगचा पंप मागच्या वर्षी मीच उतरवून बसवला होता. प्रत्येक नट आवळून त्यावर पांढऱ्या रंगाची रेघ ओढली आहे, नटावरून खाली पंपाच्या अंगावर, आपल्या आप्पांच्या पद्धतीने. नट जरा हलला की रेघ तुटते, आणि कोणीतरी हात लावलाय हे कळतं. गॅरेजात गाडी आली की आप्पांचा पहिला प्रश्न काय असायचा, आठवतं? "रेघ जागेवर आहे का?" त्याचं उत्तर दिल्याशिवाय पान्याला हात लावू द्यायचे नाहीत. तू एकदा लावलास आणि कान धरून उभा राहिलास.

तर आता सांग, सुरुवात कुठून करू?

तुझी,
आक्का

*

१७ जानेवारी

ती. आक्कास,
साष्टांग नमस्कार.

पत्र मिळालं. पूर्ण गावाला गाडी शिकवणारी बाई माझा सल्ला मागते, म्हणजे मी अखेर मोठा झालो म्हणायचं. बायकोला पत्र वाचून दाखवलं, तर ती म्हणाली, फार फुगू नका.

आधी सोपं ते बघ. पुढच्या टायरांत हवा किती आहे? हवा कमी असली तरी स्टीअरिंग जड होतं, आणि माणूस उगाच पंपाच्या नावाने खडे फोडतो. मग पंपाचा पट्टा अंगठ्याने दाबून बघ. सैल असला तर पूर्ण वळवताना किंचाळतो. मग ऑइलची टाकी उघड. ऑइलचा रंग कसा आहे, फेस आहे का ते बघ. फेस असेल तर आत हवा शिरलीय.

हवा काढायची असेल तर जॅक लावून पुढची चाकं उचल, खाली लाकडी ठोकळे दे, नुसत्या जॅकवर भरवसा ठेवू नकोस. इंजिन बंद ठेवून स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरव. टाकीत बुडबुडे येतील, ऑइल खाली जाईल तसं वरून घालत राहा. बुडबुडे थांबेपर्यंत हेच. घाई करू नकोस. मनगटाला जप.

तोवर भावोजींकडे टॅक्सीने जा. टॅक्सीत बसल्याने कोणाची इभ्रत जात नाही.

तुझा,
बारक्या

*

१७ जानेवारी

चि. भाच्यास,
आशीर्वाद.

तुझं पाकीट मिळालं. त्यातली स्प्रिंग माझ्या टेबलाच्या खणात आहे. ती घरात ठेवली नाहीस हे बरं केलंस. तुझी आई रविवारची सफाई करते तेव्हा देवसुद्धा लपू शकत नाही.

मी सांगितलं होतं तिथूनच काढलीस. पंपाला जिथे जाड नळी येते, त्या नटाच्या मागे ती असते. ती नसली की पंप फिरतो, पट्टा फिरतो, ऑइल भरलेलं असतं, आवाजही येत नाही, पण जोर मात्र येत नाही. दुसरं काही मोडलेलं नाही आणि मोडणारही नाही. ब्रेकच्या वाटेला जाऊ नकोस म्हटलं होतं. गेला नाहीस ना?

आज आक्काचं पत्र आलं आणि मी तिला उत्तर लिहिलं. टायर बघ, पट्टा बघ, हवा काढ. जिथे हवा नाहीच तिथली हवा काढायला मी तिला बसवलंय. आक्कानेच मला पाना धरायला शिकवलं रे. आप्पा ओरडायचे आणि ही शिकवायची. पत्र पेटीत टाकलं तेव्हा स्वतःचीच लाज वाटली.

पण तू लिहिलंस ते डोळ्यासमोरून जात नाही. डावीकडून सायकलवर बाई येत होती, तिच्या मागे मूल बसलेलं, आणि आक्काने मानसुद्धा वळवली नाही. तू ओरडलास म्हणून ब्रेक लागला. ताटातली डावीकडची कोशिंबीर तशीच राहते, आणि ती म्हणते, आज कोशिंबीर वाढलीच नाही. तिच्या पत्रातही सगळं डावीकडेच: डावं मडगार्ड, डावा आरसा, डावा खांब. दोष मात्र दूधवाल्याचा आणि गवंड्याचा.

तिला सरळ विचारायची तुझी छाती होत नाही म्हणतोस. माझी तरी कुठे होते? किल्ली लपवली तर ती तारा जोडून गाडी सुरू करेल, हे मात्र खरं. म्हणून हा उद्योग. जड गाडीला कंटाळून आपणहून सोडेल, असं मनाला समजावतोय.

तुझा मामा

*

२९ जानेवारी

प्रिय बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

तू सांगितलंस ते सगळं केलं. टायरांत हवा बरोबर. पट्टा ताठ, किंचाळत नाही. ऑइल स्वच्छ, फेस नाही. तरी म्हटलं, गुरूने सांगितलंय तर हवाही काढू. ठोकळ्यांवर गाडी चढवली. शेजारच्या शिंपिणीला टाकीपाशी उभी केली आणि म्हटलं, बुडबुडा दिसला की ओरड. ती बिचारी टाकीकडे टक लावून उभी, आणि मी आत बसून स्टीअरिंग फिरवतेय. एकही बुडबुडा नाही. शेवटी ती म्हणाली, "काकू, तुमची गाडी तब्येतीने ठणठणीत आहे. नाटक करतेय." आम्ही दोघी खूप हसलो. मग इंजिन सुरू केलं, चाकं खाली टेकवली, आणि पुन्हा तोच दगड.

हे असं कधी झालेलं नाही, बारक्या. काही बिघडलं की गाडी सांगते. आवाज करते, गळते, वास येतो. ही गप्प आहे, आणि गप्प बसलेल्या माणसाची मला नेहमीच भीती वाटते.

टॅक्सीचं म्हणशील तर तेही करून पाहिलं. यांनी टॅक्सीभोवती एक फेरी मारली, डावं दार उघडलं, आत बघितलं आणि दार लावून परत पायरीवर जाऊन बसले. टॅक्सीवाला म्हणाला, आजोबा रागावले का? मी म्हटलं, नाही, त्यांना माझी गाडी हवी आहे. म्हणताना एकीकडे बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. यांना माझं नाव आठवत नाही, पण माझी गाडी कुठली आणि कुठली नाही हे कळतं. माझ्याकडे एवढंच उरलंय.

म्हणून गेला रविवार जड गाडी घेऊनच गेले. जरा त्रास झाला. बाकी विशेष काही नाही. हे बसले, "चला" म्हणाले, आवारातच एक चक्कर मारली आणि परत सोडलं.

आता पुढे काय तपासू? पंप उतरवू का?

तुझी,
आक्का

*

३१ जानेवारी

ती. मामांस,
नमस्कार.

आईने तुम्हाला "विशेष काही नाही" असं लिहिलं असेल. काय झालं ते केंद्रातल्या नर्सने मला सांगितलं.

फाटकातून आत आल्यावर पायऱ्यांकडे वळायला लागतं. आईला स्टीअरिंग वेळेत फिरवता आलं नाही. गाडी सरळ फुलझाडांच्या वाफ्यावर चढली, कुंड्या फोडल्या आणि पायऱ्यांशी येऊन थांबली. खालच्या पायरीवर बाबा उभे होते. नर्स म्हणाली, मी मध्ये हात घातला असता तर हात चिरडला असता, इतकी जवळ. बाबा हसले म्हणे. त्यांना वाटलं, गाडी त्यांना घ्यायला अगदी पायरीपर्यंत आली.

आईचं मनगट सुजलंय. मला म्हणाली, कपाटावरून डबा काढताना मुरगळलं. मी ऐकून घेतलं आणि बँडेज बांधलं. असं होईल हे मला आधी कळायला हवं होतं, मामा. दुसऱ्याच्या दाताला सुई लावण्याआधी मी तीनदा विचार करतो, आणि आईच्या गाडीतली स्प्रिंग एका दुपारी चिमट्याने काढून मोकळा झालो.

आता करायचं काय? स्प्रिंग परत घातली तर ती डावीकडे न बघता चालवणार. नाही घातली तर वळवता न येता चालवणार. थांबणार काही नाही. मी नेऊ म्हटलं तर मला परवाना मिळालाय तो कागदापुरता. आईच्या हाताखाली अर्धं गाव शिकलं, पण मी तिच्या पहिल्याच ओरडण्याला जो घाबरलो तो आजतागायत गाडीच्या उजव्या सीटवर बसलो नाही.

तुमचं ती ऐकते. तुम्ही लिहा की पंप कायमचा गेला, मिळत नाही, गाडी विकून टाक. कृपा करून लिहा.

तुमचा,
भाचा

*

६ फेब्रुवारी

ती. आक्कास,
साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र वाचलं, खूप विचार केला. पट्टा ठीक, ऑइल ठीक, हवा नाही, तर उरतो पंप. आक्का, पंप गेला. आतून झिजला असणार. या गाडीचा पंप आता कुठे मिळत नाही. मी इकडे जुन्या मालाच्या दुकानांत विचारलं, माझ्या ओळखीच्या भंगारवाल्यांना विचारलं, सगळ्यांनी हात वर केले. दुरुस्तीचं सामानही मिळत नाही. उगाच उतरवत बसू नकोस, उतरवून उपयोग नाही, आणि तुझ्या सुजलेल्या मनगटालाही ते झेपणार नाही.

माझ्या माहितीत एक गृहस्थ आहेत, जुन्या गाड्या जमवतात. झाकून ठेवतात, पुसतात, लेकीसारखी बडदास्त ठेवतात. त्यांना दिली तर म्हशीचं म्हातारपण सुखात जाईल. भावोजींना सवय होईल. माणसाला सगळ्याची सवय होते. सुरुवातीला टॅक्सीत बसणार नाहीत, पण हळूहळू बसतील. तू त्यांच्याबरोबर मागे बसायचं, गप्पा मारायच्या. चालवण्याचं टेन्शन नाही, काही नाही.

मी तुझ्या भल्याचंच सांगतोय. विचार कर.

तुझा,
बारक्या

*

१४ फेब्रुवारी

बारक्या,

मनगट सुजलंय हे मी तुला लिहिलं नव्हतं. तुझ्या पत्रात ते कुठून आलं?

तेवढ्यावर मी गप्प बसले असते. म्हटलं असतं, मनगट जुनंच दुखणं आहे, त्याच्या मनात आलं असेल. पण तू लिहिलंस "पंप आतून झिजला", आणि ते मला पटलं नाही. झिजलेला पंप कण्हतो, ऑइलमध्ये चुरा सोडतो. माझं ऑइल तू म्हणालास म्हणूनच बघितलं होतं आणि ते स्वच्छ होतं. म्हणून ठरवलं, पंप उतरवायचा आणि तुझ्याकडेच पाठवायचा, तू डोळ्यांनी बघ. कंदिलासारखा तो लहान दिवा आत सोडला आणि एकेक नट बघत गेले. सगळ्या रेघा जागेवर. फक्त जाड नळीच्या नटावरची तुटलेली. नटावरचा तुकडा एकीकडे, पंपावरचा दुसरीकडे.

तो नट पंपाच्या मागच्या अंगाला, दिव्याशिवाय दिसत नाही. म्हणून इतके दिवस माझ्याही नजरेतून सुटला. आणि नटाच्या खाली, गळणारं ऑइल टिपायला, दात काढल्यावर तोंडात धरायला देतात ती कापसाची गुंडाळी. विसरून राहिलेली.

नट उघडला. आत स्प्रिंग नाही.

चिरंजीवांना मी अजून काही म्हटलेलं नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ, त्यातून हा तर दातांचाच डॉक्टर. तो चिमट्याने स्प्रिंग काढू शकतो, मान्य. पण तिथे स्प्रिंग असते हे त्याला कोणी सांगितलं? त्याला बॉनेट उघडायची कळ कुठे आहे हेसुद्धा माहीत नव्हतं.

मग तुझी पत्रं काढून पुन्हा वाचली. पहिल्याच पत्रात मी तुला रेघेचं लिहिलं होतं, आप्पांसकट. तू टायर विचारलेस, पट्टा विचारलास, ऑइलचा रंग विचारलास. रेघ विचारली नाहीस. आप्पांच्या गॅरेजात वाढलेला माणूस रेघ विचारायला विसरत नाही. उत्तर तुला माहीत होतं, म्हणून तू प्रश्न टाळलास. मी शिंपिणीला बुडबुडे मोजायला उभी करून हसत होते, तेव्हा तुम्ही दोघं काय करत होतात? तुम्हीही हसत होतात का?

घरचा भेदी म्हणतात ते असं असतं. परक्याने केलं असतं तर पोलिसात गेले असते, मोकळी झाले असते.

स्प्रिंग पाठव. दुसरं काही लिहू नकोस.

आक्का

*

१९ फेब्रुवारी

ती. आक्कास,
साष्टांग नमस्कार.

स्प्रिंग सोबत आहे. फडक्यात गुंडाळली आहे, तेल लावून. पोराला काही बोलू नकोस. त्याने फक्त हात चालवले, डोकं माझं होतं.

हसत नव्हतो गं. तू मेहनतीने हवा काढलीस ते वाचलं तेव्हा रडलो. बायकोने विचारलं तर म्हटलं, डोळ्यात ग्रीस गेलं. मला वाटलं होतं, कोणाला इजा न होता तुझी गाडी सुटेल. त्याऐवजी भावोजी जवळजवळ चाकाखाली आले. हे पाप माझं.

दुसरं काही लिहू नकोस म्हणालीस. एक गोष्ट लिहितोच, मग हवं तर पत्र फाड. मी रेघेचा प्रश्न टाळला, आणि त्याच्याआधी आणखी एक टाळला. तो तुझ्या मुलानेही टाळला. आम्ही दोघांनी तुझ्या गाडीचं पोट फाडलं, पण तोंड उघडून तुला विचारलं नाही. तुझ्या ओरडण्याला भ्यालो आणि तुझ्या उत्तराला त्याहून जास्त. आता विचारतो.

आक्का, तुला डावीकडचं दिसतं का?

उत्तर आधी दे आणि मग स्प्रिंग बसव, अशी माझी विनंती. उत्तर दिलं नाहीस तरी स्प्रिंग तुझीच आहे. बसवताना अरुंद टोक आत.

तुझा,
बारक्या

*

१० मार्च

प्रिय बारक्यास,

तुझं पत्र मी फाडलं. मग चिकटवलं. उत्तर मात्र दिलं नाही, आणि अरुंद टोक आत कसं घालायचं हे मला तू शिकवावंस याचाही राग आला. स्प्रिंग बसवली, नट आवळला, नवी रेघ ओढली. इंजिन सुरू केलं आणि काय सांगू तुला, स्टीअरिंग एका बोटाने फिरलं. मी फाटकापासून कोपऱ्यापर्यंत उगाच दोन फेऱ्या मारल्या. म्हटलं, बघा आता, कोण म्हातारी म्हणतंय मला.

रविवारी गेले. हे पायऱ्या उतरले, बसले, "चला" म्हणाले. आम्ही बाजाराकडून निघालो. मी यांच्याशी बोलत होते. मी गाडीत नेहमीच बोलते, आणि हे नेहमीच गप्प असतात. तुझ्याबद्दलच सांगत होते, माझा भाऊ चोर निघाला म्हणून. सिग्नलला थांबले. दाराचा आवाज आला. हे कधीकधी दार उघडून पुन्हा घट्ट लावतात, तसंच असेल म्हणून मी पुढे बोलत राहिले. हिरवा लागला, निघाले. पुलावर वारा आला तेव्हा विचारलं, काच वर करू का? उत्तर येणार नव्हतंच. सवयीने हात लांब करून गुडघ्यावर ठेवायला गेले. हाताला नुसती सीट लागली.

बारक्या, मी हात लावूनच बघायचे, हे तुला आता सांगते. हे गाडीत आहेत की नाहीत हे मी कितीतरी महिने हात लावून बघतेय. मान पूर्ण वळवली तर दिसतात. पण चालवताना मान किती वळवणार? पावसाळ्यात एकदा दुपारी डोकं बधिर झालं होतं, चक्कर आली होती. झोपून उठले आणि तेव्हापासून डावीकडचा भाग गेला. अंधार नाही, काही नाही, तिथे जणू जगच नाही. मी कोणाला सांगितलं नाही. मी गावाला शिकवलेलं, "आधी दोन्हीकडे बघा," त्या तोंडाने काय सांगू?

पुलावर गाडी वळवली. एका बोटाने वळली. तेवढं हलकं स्टीअरिंग हातात असून मला ते धरवत नव्हतं. त्या सिग्नलपाशी येईपर्यंत मी देवाला काय काय कबूल केलं ते माझं मला माहीत. हे फुटपाथवर उभे होते. वह्या-पेनं विकणाऱ्या दुकानदाराने यांचा हात धरून ठेवला होता. तोही माझ्याकडेच शिकलेला, पहिल्यांदा गाडी मागे घेताना रडलेला. "बाई," तो म्हणाला, "सर रस्त्याच्या मधोमध उतरले. लोकांनी ब्रेक मारले. तुम्ही बघितलं कसं नाही?"

हे मला बघून म्हणाले, "चला."

मला गाडीत बसवेना. दुकानदाराच्या फोनवरून चिरंजीवांना बोलावलं. तो दवाखान्याच्या पांढऱ्या कोटातच धावत आला. मी त्याच्या हातात किल्ली दिली. म्हटलं, चालव. तो म्हणाला, आई, मला येत नाही. मी म्हटलं, मला दिसत नाही. मग तो उजवीकडे जाऊन बसला. इंजिन तीनदा बंद पाडलं. मी ओरडले नाही, हे तू खरं मानणार नाहीस, पण त्याला विचार.

यांनी पुन्हा मध्येच दार उघडू नये म्हणून यांना मागच्या सीटवर आधी आत सरकवलं आणि दाराशी मी बसले, डावीकडे. गाडी निघाली आणि हे दिसले. माझ्या उजवीकडे होते ना. मान न वळवता दिसले, तसे बसलेले, हात मांडीवर, कोटाची बटणं एक घर सोडून लावलेली. मी सगळा रस्ता यांच्याकडेच बघत होते. पावसाळ्यापासून दर रविवारी मी यांना फिरवून आणलं आणि एकदाही बघितलं नव्हतं रे.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर: नाही, दिसत नाही. डॉक्टर म्हणाले, डोळे चांगले आहेत, डोक्यात रक्ताची गाठ अडकून तेवढा भाग गेला, परत येणार नाही. गोळ्या दिल्यात. परवाना मी स्वतः जाऊन परत केला. खिडकीवरचा साहेबही माझाच विद्यार्थी निघाला, तो घ्यायलाच तयार नव्हता. घरी येऊन मात्र दार लावून रडले, दुसऱ्या दिवशीही रडले. आता गाडीत उजवीकडे बसायचं नाही हे पचत नाही, आणि पचलंय असं मी सांगणारही नाही.

तू आधी विचारलं असतंस तर मी खोटंच बोलले असते, हे मला ठाऊक आहे. तरीही तू विचारायला हवं होतंस. तुझ्यावरचा राग गेलेला नाही. तो जाईल तेव्हा कळवेन, तू विचारत बसू नकोस. पण एकदा येऊन जा. मडगार्डचा पोचा काढायचा आहे, मागच्या उजव्या दाराला आतून उघडणार नाही असा खटका लावायचा आहे, आणि चिरंजीवांना वळणावर गिअर बदलायचं कोणीतरी शांतपणे शिकवायला हवं.

गेले दोन्ही रविवार तोच घेऊन गेला. यांना पुढच्या ऐवजी मागे बसवलं म्हणून आधी कुरकुरले, मग मी शेजारी बसले तेव्हा गप्प झाले. केंद्रातल्या न्हाव्याला मी जाऊन सांगून आले आहे, तो दाढी करताना यांच्या डाव्या कानाखालचे केस तसेच सोडत होता, आता शेजारून मला दिसलं.

तुझी,
आक्का